माझे पाणी फार स्वच्छ होते

मी एक जुनी काचेची टाकी आहे, मित्रांनो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, आणि एका कोपऱ्याला टवका उडालेली. सध्या माझ्यात क्रीडा महोत्सवाच्या पताका, एक मोडका पृथ्वीगोल आणि रांगोळीचे डबे आहेत. कोणी ठेवले, मला ठाऊक नाही. मला विचारून कोण ठेवणार? प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत येणारा प्रत्येकजण हातातले काहीतरी माझ्यात टाकतो आणि निघून जातो. मी पूर्वी कोण होते हे सांगितले तर तुम्हाला खरे वाटणार नाही. पण सांगते. कारण माझ्या हातून, म्हणजे मला हात नाहीत तरी माझ्या हातूनच, एक चूक झाली आहे आणि ती मनातून जात नाही.

माझा जन्म अलिबागला मोरू मिस्त्रींच्या दुकानात झाला. मोरू मिस्त्री खरे तर खिडक्या आणि मिठाईच्या दुकानांची कपाटे करणारे. टाकी त्यांनी त्याआधी एकच केली होती, आणि ती गळली होती. त्यामुळे माझ्या वेळी त्यांनी फार काळजी घेतली. सांध्यात चिकटद्रव्य भरून आठवडाभर मला कोणाला हात लावू दिला नाही. मग पाणी भरून माझ्याखाली वर्तमानपत्र पसरले आणि दोन दिवस ते ओले होते का बघत बसले. कागद कोरडा राहिला. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा थोपटले. मी तेव्हापासूनच कौतुकाची भुकेली आहे, हे आधीच कबूल करते.

तिथून मी काशीदच्या एका रिसॉर्टमध्ये गेले. माझ्यात सोनेरी मासे होते आणि एक प्लास्टिकची जलपरी. पर्यटक यायचे, माझ्या काचेवर टकटक करायचे, मासे घाबरले की हसायचे. चार वर्षांनी रिसॉर्टचे रंगरूप बदलले आणि मी त्यांना जुनाट वाटू लागले. मालकांनी मला जवळच्या गावातल्या हायस्कूलला देऊन टाकले. देणगी म्हणून माझा फोटोही काढला.

शाळेत विज्ञान शिकवायचे विवेक तांबे सर. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं आणि एक भिंग. सरांनी मला घासून पुसून खिडकीजवळच्या कट्ट्यावर ठेवले आणि तिथे मी वर्षभर रिकामी उभी होते. काय ठेवायचे हे त्यांचे ठरत नव्हते. ते शेवटी सोनूबाईंनी ठरवले.

सोनूबाई शाळेपासून चार घरे पलीकडे राहायच्या. त्यांचे यजमान तुळशीराम होडीवर, आणि त्या स्वतः ओहोटीला खडपावर जाऊन कालवे काढायच्या. खडप म्हणजे भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा कातळ. कालवे, म्हणजे खायचे शिंपले, त्या कातळाला घट्ट चिकटलेली असतात. लहानपणी आईबरोबर जायच्या, मग एकट्या, मग सुनेबरोबर. त्या वर्षी जेटी वाढवायचे काम सुरू झाले आणि त्यांचा खडप भरावाखाली जाणार हे कळले. सगळा नाही, पण अर्धा. त्या अर्ध्यात एका डबक्याच्या काठाला बटणाएवढी फुले होती. झाड नव्हे, जीवच ते, प्रवाळांच्या गोतातले. शेकड्यांनी एकमेकांना चिकटून राहणारे, मध्ये हिरवट, कडेला तपकिरी, पाणी आले की उमलणारे आणि हात लागला की मिटणारे. त्यांना मुलांनी नाव दिले बटणफुले. त्यांच्या अंगात विष असते, म्हणून सोनूबाई त्यांना हात लागला तर डोळे चोळायच्या नाहीत. एवढेच काय ते त्यांना ठाऊक होते, आणि ती फुले आपल्या आईच्याही आधीपासून तिथे आहेत, हेही.

त्या सरांकडे आल्या. सरांनी संबंधित खात्याकडे अर्ज केला, तीन फेऱ्या मारल्या आणि लेखी परवानगी आणली. काम होईपर्यंत एक दगड शाळेत सांभाळायचा आणि काम संपले की शिल्लक खडपावर नेऊन ठेवायचा. सोनूबाईंनी तो दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून डोक्यावरून आणला. सरांनी हातमोजे घालून तो माझ्यात ठेवला. तेव्हा त्या जे म्हणाल्या ते माझ्या काचेत कोरल्यासारखे राहिले आहे.

"सर, ही माजी वस्तू न्हाय आन् तुमची बी न्हाय. दर्याची हाय. काम सरलं का मना परत द्यायची."

सर म्हणाले, "शब्द देतो."

मित्रांनो, त्यानंतरची तीन वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. पण तेव्हा मला तसे वाटत नव्हते. तेव्हा मला माझी लाज वाटायची.

कारण सरांची पद्धत जुनी होती. तळाला जाड वाळू, खडपावरचे चार दगड, शंखात राहणारे दोन खेकडे, दोन लहान मासे. तुळशीराम होडी लांब नेत तेव्हा तिथून कॅन भरून पाणी आणत, कारण काठाजवळच्या पाण्यात तेल असते. दर पंधरा दिवसांनी सर माझे थोडे पाणी काढत आणि ते नवे भरत. पावसाळ्यात होड्या बंद, आणि काठाचे पाणी लाल गढूळ आणि निम्मे गोडे. म्हणून मे महिन्यातच सहा निळी पिंपे भरून जिन्याखाली झाकून ठेवायची. शिवाय जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, वाटून त्याची चिमूट रोज. आणि सोनूबाई आल्या की त्यांची वाटी. कालवे फोडताना शिंपल्यातून जे पाणी गळते ते त्या वाटीत धरून आणत आणि माझ्यात हळूच सोडत. ते पाणी पडले की पाच मिनिटांत सगळी बटणफुले तोंड वर करून ताणून उमलायची. मुले घोळका करून बघायची.

पण या खाण्यापिण्याने माझ्या काचेवर हिरवा थर चढायचा. मागच्या काचेवर जांभळे डाग. सर जुन्या प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचे, चार दिवसांत परत हिरवे. तपासणीला साहेब आले की मला कोणीतरी 'जरा अस्वच्छ' म्हणायचेच. मी रिसॉर्टमधून आलेली. मला ते फार लागायचे. बटणफुले साठ होती ती दोनशेच्या वर गेली होती, शेजारच्या दगडावरही पसरली होती, आणि मी मात्र काचेवरच्या शेवाळाचे दुःख करत बसले होते.

मग सरांची पाठ गेली.

पाण्याचा कॅन जिना चढवताना ते मध्येच वाकले ते तसेच राहिले. महिनाभर अंथरुणात. त्यांची मुलगी प्रांजली पनवेलला एका औषध कंपनीत पाणी तपासण्याचे काम करते. पोरगी हुशार, बोलायला तिखट, आणि वडिलांवर जीव टाकणारी. औषधासाठी लागणाऱ्या पाण्यात काहीही असून चालत नाही. पाण्यात काही नसणे म्हणजे चांगले पाणी, हे तिने सात वर्षे रोज आठ तास बघितलेले. ती वडिलांना भेटायला आली, मला बघायला शाळेत आली, आणि जिन्याखालची पिंपे बघून तिने कपाळाला हात लावला.

तिने वाचून, व्हिडिओ बघून, लोकांना विचारून एक नवी पद्धत शोधली. पाण्यातला कचरा जवळजवळ संपवून टाकायची. एका बाटलीत चांगले जिवाणू, दुसऱ्या बाटलीत त्या जिवाणूंचे खाणे. ते जिवाणू पाण्यातली घाण खातात आणि फुगतात, आणि एक उभे नळकांडे हवेच्या बुडबुड्यांनी फेस काढून त्यांना बाहेर फेकते. पाणी क्वचित बदलावे लागते. वर जोरकस दिवा. परदेशातल्या टाक्यांमधले दगडी प्रवाळ अशाच पाण्यात वाढवतात, तिने मोबाइलवर फोटो दाखवले. फिकट गुलाबी, फिकट निळे, मिठाईच्या दुकानासारखे.

सर पटकन तयार झाले नाहीत. ते म्हणाले, जुन्या पद्धतीत वाढताहेत ना, मग कशाला? सर परत शाळेत येऊ लागल्यावर पंधरा दिवस बापलेकींची फोनवर चर्चा चालली होती, सर माझ्यासमोर उभे राहून, फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचे. शेवटी ती म्हणाली, "बाबा, पाठ मोडून पाणी वाहायचं की बाटलीतले चार थेंब टाकायचे, एवढंच ठरवायचंय. मला तुम्ही चालते हवे आहात." सर तयार झाले. मीसुद्धा मनात म्हटले, ऐका पोरीचे.

आणि खरे सांगू? मला तिचे म्हणणे मनापासून आवडले होते.

नळकांडे बसले. पहिल्या आठवड्यात त्याने चहासारखे काळे पाणी बाहेर काढले आणि सर थक्क झाले. इतकी घाण होती! ते दर शनिवारी परीक्षानळीत माझे पाणी तपासत आणि घाणीचा आकडा फळ्याच्या कडेला लिहीत. आकडे उतरत गेले. दोन महिन्यांनी नळीतल्या पाण्याला रंगच आला नाही, म्हणजे घाण शून्य. आयुष्यभर मुलांना शून्य देताना ज्यांचा हात अडखळला, ते सर त्या दिवशी शून्य बघून टाळी वाजवून हसले. प्रांजलीला फोटो पाठवला.

माझी काच लखलखू लागली. शेवाळ नाही, डाग नाहीत. पलीकडच्या खिडकीतला माड माझ्यातून आरपार दिसायचा, जणू मध्ये पाणीच नाही. तपासणीचे साहेब आले आणि माझ्यासमोर उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला. पालक सभेला आलेल्या बायका म्हणाल्या, किती छान ठेवलीय. मी फुगून गेले. मोरू मिस्त्रींनी थोपटले होते त्यानंतर इतके बरे मला कधी वाटले नव्हते.

जवळ्याची चिमूट बंद झाली, कारण त्याने आकडा वाढतो. आणि मग सोनूबाईंची वाटीही बंद झाली. त्या आल्या होत्या नेहमीसारख्या, पदराने वाटी झाकून. सरांनी त्यांना फार गोड शब्दांत सांगितले की आता याची गरज नाही, उलट त्रास होईल. सोनूबाईंनी वाटी खाली घेतली. बराच वेळ माझ्यात बघत राहिल्या.

"पानी लय निवळ केलंत सर," त्या म्हणाल्या. "पन यात त्यांना खायला काय हाय?"

सरांनी समजावले. यांच्या अंगात बारीक वनस्पती असतात, त्या उजेडावर अन्न तयार करतात, दिवा आता चौपट आहे. ते खरेच होते, पण अर्धे खरे होते. सोनूबाई म्हणाल्या की आपला दर्या गढूळच हाय, ही त्याच्यातच जन्मली. सर हसून म्हणाले, "बाई, गढूळ म्हणजे घाण."  त्या वाटी घेऊन गेल्या, आणि त्यानंतर आल्या नाहीत.

त्या मे महिन्यात पिंपेही भरली नाहीत. लागणार नव्हती ना.

बटणफुले फिकट होऊ लागली. मधला हिरवा पोपटी झाला, कडेचा तपकिरी गुलाबीसर. बघणाऱ्यांना ते फारच आवडले. रंग उघडले म्हणाले. प्रांजलीने पाठवलेल्या फोटोंतल्या प्रवाळांसारखीच दिसत होती ती. सरांनीही तसेच समजून घेतले. पण मी फुलांना सकाळ-संध्याकाळ बघत होते. पूर्वी दिवा लागला की उमलायची, आता दुपार व्हायची. माना लांब करून पाण्यात काहीतरी शोधत राहायची. मग आखडायची. कडेची चार मिटली ती मिटलीच, आणि एक दिवस त्या जागी नुसता दगड दिसला. उपाशी माणूस बारीक झाला की त्याला काही लोक सुंदर म्हणतात, तसे ते कौतुक होते.

मला दिसत होते, मित्रांनो. मला बोलता येत नाही, हे खरे. पण शेवाळाचा एक ठिपका काचेवर धरला असता, पाणी थोडे धुरकट केले असते, तर सरांनी जवळ येऊन बघितले असते. मला तेवढे तरी जमले असते असे आता वाटते. कदाचित नसते जमले. पण मी मनातूनसुद्धा तसे म्हटले नाही. मला परत हिरवी व्हायचे नव्हते.

जुलैच्या मध्यात एका आठवड्यात निम्मी गेली. मऊ पडून, लोंबून, पाण्यात विरून. सर भिंग घेऊन माझ्यापुढे बसले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता. त्यांना एकदम सगळे कळले असावे. आणि माणूस घाबरला की करतो तेच त्यांनी केले. इतक्या महिन्यांचे खाणे एका दिवशी द्यायला निघाले. वाटलेला जवळा मुठीने टाकला. बाटल्यांतल्या थेंबांवर वाढलेले जिवाणू त्यावर तुटून पडले आणि दुसऱ्या दिवशी माझे पाणी ताकासारखे पांढरे झाले. दोन्ही मासे वर तोंड काढून धापा टाकू लागले. संध्याकाळपर्यंत ते गेले.

पाणी बदलायला हवे होते, ताबडतोब. पण जिन्याखाली पिंपे नव्हती. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या होत्या. काठाचे पाणी लाल. प्रांजली पनवेलहून धो धो पावसात मिठाची पाकिटे घेऊन आली. दोघांनी मिळून नळाच्या पाण्यात ते मीठ कालवले, तिने एकटीने बादल्या वाहिल्या. तिचे डोळे सुजलेले होते. सरांनी तिला दोष दिला नाही आणि तेच तिला सहन झाले नाही. ती म्हणाली, "पद्धत खोटी नव्हती, बाबा. यांच्यासाठी खोटी होती. आपण यांना विचारलंच नाही." सर म्हणाले की विचारणारी एक आली होती, मीच तिला परत पाठवली.

प्रांजली म्हणाली, मग जाऊन त्यांना बोलवा ना. सर उठले. दारापर्यंत गेले. पावसाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन बसले.

दोनशेतली नऊ वाचली.

नारळी पौर्णिमा झाली, नारळ वाहून होड्या बाहेर पडल्या. जेटीचे काम संपले होते. पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी सोनूबाई आल्या, ओले गोणपाट खांद्यावर टाकून. शब्दाप्रमाणे न्यायला. सर खुर्चीवरून उठले पण पुढे आले नाहीत. सोनूबाई माझ्यापाशी आल्या, वाकल्या, आणि बघतच राहिल्या. मग बोटाने, काचेला न लावता, एकेक मोजले.

मला वाटले त्या रागावतील. सरांनाही तेच वाटत असावे, कारण ते मान खाली घालून सगळे सांगू लागले. आकडे, दिवा, बाटल्या, मूठभर जवळा, पाणी नव्हते. पाणी नव्हते म्हणाले तेव्हा सोनूबाईंनी वर बघितले.

"वैशाखात मी दोन पिंपं भरून ठेवलीत. घरामागं हायेत अजून. म्हनलं, लागलं तर सर बोलावतील."

 सर म्हणाले, "लाज वाटली, बाई."

"चार घरं पलीकडं तर व्हते मी," सोनूबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

दोघांनी मिळून तो दगड गोणपाटात घेतला. सरांनी पाठीचा पट्टा बांधलेला होता, तरी दगडाची एक बाजू त्यांनीच धरली. ओहोटी होती. मी त्यांना खिडकीतून खडपाकडे जाताना पाहिले, एक पुढे, एक मागे, सांभाळून. सर अजून दर अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला तिकडे जातात. मागच्या खेपेला प्रांजलीला फोनवर सांगत होते की सहा दिसली, पण मिटलेली होती, जिवंत आहेत का ते सोनूबाईंनाही सांगता आले नाही.

दगड गेल्यावर सरांनी माझे पाणी काढले, मला पुसले, आणि मागच्या खोलीत ठेवले. मी अजूनही लख्ख आहे. त्याचा मला काडीचाही उपयोग नाही.

मित्रांनो, तुम्ही कोणताही जीव घरी आणा, मासा, रोप, मांजर, काहीही. तो कुठल्या पाण्यात, कुठल्या मातीत, कशावर वाढला ते आधी विचारा आणि तेच त्याला द्या, दिसायला ते कसेही असो. पद्धती जुन्या असतात, नव्या असतात, दोन्ही चांगल्या असू शकतात. तरीही तुमची चूक होईल. सरांसारख्या माणसाची झाली, माझी झाली. पण ज्या दिवशी चूक कळेल, त्या दिवशी ज्याला तुम्ही 'आता तुमची गरज नाही' असे सांगितले होते त्याच्या दाराशी जा. चार घरे लांब असेल, चार गावे लांब असेल. लाज वाटेल. लाज वाटली तरी जा.